पेशी, तारा आणि मधली फट: इंदूरच्या श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

इंदूरच्या मराठी मंडळांत, कधी गणेशोत्सवात तर कधी एखाद्या शाळेत, जिवंत पेशी आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्या जोडणीवर बोलायला जातो तेव्हा व्याख्यानापेक्षा नंतरची प्रश्नोत्तरंच जास्त रंगतात. तेच ते प्रश्न परत येतात, म्हणून ते इथे एका जागी ठेवले आहेत. पहिली तीन उत्तरं आधी वाचलीत तर पुढचं सोपं जाईल. माझं काम वीज वाहणाऱ्या प्लास्टिकवर चालतं, डॉक्टर मी नाही. तेव्हा उपचारांबद्दलच्या प्रश्नांवर इथलं वाचून निर्णय घेऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

हे संशोधन नेमकं कशाचं?

एका बाजूला जिवंत पेशी, दुसऱ्या बाजूला धातू, सिलिकॉन किंवा वीज वाहणारं प्लास्टिक. दोघं शेजारी बसले की मधल्या फटीत काय घडतं, त्याचं. फट खरोखरच असते. सोन्याच्या पातळ थरावर पेशी पसरली तरी ती पूर्ण टेकत नाही, खाली पन्नास-शंभर नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) खारट पाण्याचा पापुद्रा उरतो. पेशीतून निघालेला संकेत या पापुद्र्यातून बाजूला पाझरतो आणि उरलासुरला इलेक्ट्रोडपर्यंत, म्हणजे संकेत टिपणाऱ्या वाहक टोकापर्यंत, पोचतो. तो जास्तीत जास्त कसा मिळवायचा, उलट दिशेने पेशीला संकेत कसा द्यायचा, आणि या खटाटोपात पेशी मरू कशी द्यायची नाही, एवढाच सगळा धंदा आहे. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, औषधांच्या चाचण्या, मेंदूतली चिप, सगळ्यांचं घोडं शेवटी याच फटीपाशी अडतं.

पेशीत वीज असते म्हणतात. किती?

विश्रांतीत असलेल्या चेतापेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्ट कमी विद्युतदाब असतो. टॉर्चच्या एका सेलचा दीड व्होल्ट धरला तर हा त्याचा विसावा भागसुद्धा नाही. पण पेशीपटलाची जाडी बघा: जेमतेम ५ नॅनोमीटर. एवढ्याशा अंतरात ७० मिलिव्होल्ट म्हणजे मीटरमागे सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्टचं क्षेत्र झालं. कोरड्या हवेत ३० लाखांच्या आसपासच ठिणगी पडते. म्हणजे कोरडी हवा ज्या ताणाला फुटते, त्याच्या चौपटीहून जास्त ताण आपली प्रत्येक चेतापेशी निवांत सोसत असते.

हा दाब टिकवतात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम. पेशीपटलातला एक पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. मेंदू शरीराची जवळजवळ पाचवा हिस्सा ऊर्जा खातो, त्यातला मोठा वाटा या पंपांवर खर्च होतो. संकेत जायची वेळ आली की पटलातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, आणि एका मिलिसेकंदाच्या आसपास सुमारे १०० मिलिव्होल्टचा ठोका उमटून जातो. हे गणित हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मांडलं आणि १९६३ चं नोबेल मिळवलं. प्रयोगाला त्यांनी स्क्विड निवडला, कारण त्याचा एक चेतातंतू अर्ध्या मिलिमीटरहून जाड असतो आणि त्यात तार घालता येते. आपल्या चेतातंतूंत तसं करायला त्या काळात कुणाच्या बापाला जमलं नसतं.

त्याच्याही आधीचं भांडण मला जास्त आवडतं. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने दोन वेगळ्या धातूंनी बेडकाचा पाय जोडला, पाय झटकला, आणि १७९१ मध्ये त्याने छापलं की वीज प्राण्यातच आहे. व्होल्टा म्हणाला, छे, वीज दोन धातूंच्या जोडणीतून येते, बेडूक नुसता ती दाखवतो. स्वतःचं खरं करून दाखवण्याच्या ईर्ष्येतून १८०० मध्ये त्याने जगातली पहिली बॅटरी बनवली. त्या प्रयोगापुरतं व्होल्टाचं बरोबर होतं, प्राण्यांत वीज असते हे गॅल्व्हानीचंही बरोबर होतं. धातू आणि ओलं मांस जिथे भेटतात तिथे काय होतं, हे दोघांनाही धड कळलेलं नव्हतं. आम्ही अजून तेच करतोय, फक्त यंत्रं महाग झालीत.

मग तार लावली की झालं! अडचण कुठे आहे?

तारेत इलेक्ट्रॉन धावतात, पेशीत आयन. इलेक्ट्रॉन पाण्यात सुटा फिरत नाही, आयन तांब्यात शिरत नाही. सीमेवर कुणीतरी अदलाबदल करावी लागते.

ही अदलाबदल तुमच्यापैकी बहुतेकांनी अंगावर घेतलेली आहे. ईसीजी काढताना छातीवर चिकटवतात तो गोल तुकडा पुढच्या वेळी फेकण्याआधी उलटा करून बघा. कडेला डिंक लावलेला फोम, मध्ये थंडगार बुळबुळीत जेल, आणि जेलखाली करड्या रंगाचं छोटं बटण. जेलमध्ये मीठ असतं. बटणावर चांदीचा मुलामा आणि त्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर. जेलमधला क्लोराइड चांदीला चिकटला की एक इलेक्ट्रॉन तारेत सुटतो, उलट प्रवाहात क्लोराइड परत जेलमध्ये उतरतो. छातीवर हृदयाचा संकेत साधारण १ मिलिव्होल्टचा मिळतो. तो न डगमगता कागदावर उमटतो याचं श्रेय या बटणाला आहे. जेल वाळलेला तुकडा लावला तर रेघ लगेच थरथरते, आणि नर्सताई नवा काढतात.

चांदी शरीराच्या आत मात्र कायम ठेवता येत नाही, ती पेशींना विषारी ठरते. आत प्लॅटिनम, इरिडियम, टायटॅनियम नायट्राइड असे पदार्थ वापरतात. यांच्या पृष्ठभागावर आयन येऊन रांग लावतात, धातूच्या बाजूला तितकेच इलेक्ट्रॉन सरकतात, आणि कुणीही सीमा न ओलांडता संकेत पलीकडे जातो. पण रांगेची जागा मोजकी. विजेचा दाब फार वाढवला, किंवा एकाच दिशेने फार वेळ ठेवला, की पाणीच फुटू लागतं: एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे ऑक्सिजन, भोवतीचा द्रव आम्ल किंवा अल्कली. पेशी भाजल्यासारख्या मरतात. म्हणून शरीरात कधी सलग एकाच दिशेचा प्रवाह देत नाहीत. आधी एका दिशेचा स्पंद, लगेच तेवढाच उलट दिशेचा. जॉन लिली यांनी १९५५ मध्ये मेंदूसाठी असा दुहेरी स्पंद सुचवला, आणि चेतापेशींना उत्तेजन देणारी उपकरणं आजही त्याच तत्त्वावर चालतात.

घरी काही करून बघता येईल?

येईल. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा. दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली बुडवा, वरची टोकं ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला जोडा. दोन्ही शिसांवर बुडबुडे येतील, ऋण टोकाला जास्त. आता हीच जागा एखाद्या पेशीची आहे असं समजा, म्हणजे वरचं उत्तर डोळ्यांनी दिसेल. सोड्याऐवजी मीठ घालू नका, क्लोरीन सुटतो. आणि भिंतीतल्या विजेला तर हातही लावायचा नाही.

प्लास्टिकमधून वीज जाते? आम्हाला तर शाळेत उलटं शिकवलं.

शाळेत शिकवलं ते बहुतेक प्लास्टिकांना लागू आहे. १९७७ मध्ये हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी पॉलिॲसिटिलीनमध्ये आयोडीन मिसळून त्याला धातूसारखं वाहक केलं, २००० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याचसाठी मिळालं. या क्षेत्रात आज सगळ्यांत जास्त वापरला जातो तो पदार्थ म्हणजे पेडॉट-पीएसएस.

बाटलीत तो गर्द निळ्या शाईसारखा दिसतो. काचेच्या पट्टीवर दोन-चार थेंब टाकून पट्टी गरगर फिरवायची, मग गरम तव्यावर वाळवायची, की फिक्या निळ्या काचेसारखा पारदर्शक थर मिळतो. त्याला बांधून ठेवणारं रसायन आधी मिसळलं नसेल तर पाण्यात टाकताच हा थर फुगून सुटतो आणि निळी चिंधी होऊन तरंगायला लागतो. नवीन विद्यार्थ्यांची पहिली दुपार बहुधा यातच जाते.

फुगणं हा त्याचा त्रासही आहे आणि गुणही. धातूत आयन पृष्ठभागावरच थांबतात, इथे ते थराच्या जाडीभर आत शिरतात आणि इलेक्ट्रॉनांची हालचाल आतूनच बदलतात. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या इलेक्ट्रोडवर कितीतरी जास्त विद्युतभार मावतो आणि संकेत स्वच्छ येतो. याच गुणावर एक ट्रान्झिस्टर चालतो. द्रवातले आयन आत-बाहेर करून तो एक व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालू-बंद होतो. तसला पहिला ट्रान्झिस्टर मार्क राइटन यांच्या गटाने १९८४ मध्ये केला, पदार्थ वेगळा होता. इतक्या कमी दाबावर पाणी फुटायची भीती उरत नाही. माझ्या मते या प्लास्टिकची खरी कमाई हीच आहे. बाकी लवचीकपणा वगैरे जाहिरातीत जास्त शोभतं.

अर्थात लवचीकपणाही फुकट नाही. सिलिकॉनचा कडकपणा दीडशे गिगापास्कलच्या घरात, मेंदूचा साधारण एक किलोपास्कल. फरक दहा कोटी पटींहून मोठा. मेंदू नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आणि श्वासाला किंचित हलतो, कडक सुई तिथेच राहते. श्रीखंडात सुरी रोवून भांडं हलवत राहावं, तसं. सुईभोवती सूज येते, मग आधारपेशी तिला गुंडाळून टाकतात, आणि काही महिन्यांत संकेत मंदावत जातो. मऊ प्लास्टिक ही हानी कमी करतं, पण ते धातूइतकं वर्षानुवर्षं टिकेल का, हा प्रश्न सुटलेला नाही.

बशीत पेशी ठेवून तुम्ही लोक बघता काय?

हृदयाच्या पेशींचं उदाहरण घेऊ, कारण ते साध्या डोळ्यांनी नाही तरी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. काचेच्या छोट्या बशीच्या तळाशी सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे अनेक ठिपके, प्रत्येकातून एक बारीक वाट कडेपर्यंत गेलेली. ठिपक्यांवर आधी प्रथिनाचा हात फिरवतात, नाहीतर पेशी धरतच नाहीत. मग पेशी टाकायच्या, वर गुलाबी रंगाचं पोषकद्रव्य, आणि बशी ३७ अंशांच्या, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत. द्रव पिवळा पडला की समजायचं, आम्ल साठलंय, बदला. दोन-तीन दिवसांत सुट्या पेशी जागोजाग फडफडायला लागतात, मग शेजारच्यांचं जमतं आणि पूर्ण थर एका तालात आकसतो. त्या वेळी पडद्यावर प्रत्येक ठिपक्याची रेघ एकामागून एक टोक काढते, आणि टोकांच्या वेळांमधला फरक मोजून लाट कुठून कुठे गेली ते नकाशासारखं काढता येतं.

१९७२ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या हृदयपेशींवर हे पहिल्यांदा झालं. १९९१ मध्ये जर्मनीत पीटर फ्रोमहेर्ट्झ यांनी जळवेची चेतापेशी थेट सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर बसवून तिचा संकेत वाचला. दोन्हीची मजा अशी की पेशीला भोक पाडावं लागत नाही. पेशीला काचेची नळी चिकटवून मोजायची नेहर आणि साकमान यांची पद्धत जास्त अचूक आहे, त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं, पण पेशी फार काळ तग धरत नाही. ठिपक्यांवरची पेशी आठवडेच्या आठवडे मोजता येते.

ज्या पेशी फडफडत नाहीत, उदाहरणार्थ त्वचेच्या किंवा कर्करोगाच्या, त्यांच्यासाठी वेगळी युक्ती. इव्हार गियेव्हर हे १९७३ चे भौतिकशास्त्रातले नोबेल मानकरी नंतर जीवशास्त्रात रमले. १९८४ मध्ये त्यांनी चार्ल्स कीझ यांच्यासह दाखवलं की सोन्याच्या छोट्या इलेक्ट्रोडवर पेशी पसरल्या की त्या प्रवाहाची वाट अडवतात आणि रोध वाढतो. औषध टाकलं, पेशी आक्रसल्या, रोध पडला. रात्रभर कुणी बसायची गरज नाही, सकाळी आलेख बघायचा.

याचा औषधांशी काय संबंध?

पीथमपूरला औषध कंपन्यांत काम करणाऱ्या मंडळींनी 'हर्ग' चाचणीचं नाव ऐकलं असेल. हृदयपेशीच्या पटलात पोटॅशियमचं एक दार आहे, ते एखाद्या औषधाने अडलं तर ठोका लांबतो आणि हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. टर्फेनाडीन हे सर्दी-ॲलर्जीचं गाजलेलं औषध १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारातून काढावं लागलं, ते याच कारणाने. त्यानंतर नव्या औषधाने हे दार अडतं का, हे आधी तपासायचा आंतरराष्ट्रीय दंडक २००५ मध्ये आला. एक दार तपासून भागत नाही म्हणून आता माणसाच्या हृदयपेशींचा अख्खा थरच इलेक्ट्रोडवर ठेवून बघतात. रुग्णाच्या छातीत कळण्याआधी बशीत कळलेलं केव्हाही बरं.

या पेशी येतात कुठून? माणसांच्या असतात?

काही उंदरांच्या, काही कोंबडीच्या अंड्यातल्या, काही माणसाच्या. माणसाच्या हृदयातून किंवा मेंदूतून कापून आणत नाहीत. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या त्वचेतल्या पेशींना परत मूळ अवस्थेत नेऊन दाखवलं. त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. अशा पेशीला योग्य रसायनं योग्य क्रमाने दिली की तिची हृदयपेशी किंवा चेतापेशी होते. आपल्याकडे पेशींचं राष्ट्रीय भांडार पुण्याला आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात.

बशीतल्या मेंदूपेशी व्हिडिओ गेम खेळल्या, हे खरं की फेकाफेकी?

प्रयोग खरा, मथळे फुगवलेले. मेलबर्नच्या कॉर्टिकल लॅब्ज या कंपनीने २०२२ मध्ये हा प्रयोग छापला. सुमारे ८ लाख चेतापेशी, काही उंदराच्या, काही माणसाच्या, दाट इलेक्ट्रोडांच्या चिपवर वाढवल्या. पडद्यावर चेंडू कुठे आहे ते ठराविक ठिकाणी स्पंद देऊन त्यांना कळवलं, आणि दोन ठरवलेल्या भागांत कुठे जास्त हालचाल होते त्यावरून फळी वर-खाली केली. फळी चेंडूला लागली तर सुसंगत, नेमका स्पंद, चुकली तर चार सेकंद अस्ताव्यस्त गोंगाट. पेशींचं जाळं हळूहळू गोंगाट टाळणारी हालचाल जास्त करू लागलं. खेळ म्हणून बघितलं तर अगदी सुमार.

पेशींच्या जाळ्याची घडण अनुभवाने बदलते आणि ती बाहेरून बदलवता येते, हे त्यातून ठळक झालं. लेखकांनी 'संवेदनशील' हा शब्द वापरला त्यावर इतर शास्त्रज्ञांनी झोड उठवली, आणि माझ्या मते ती योग्यच होती. बशीत भूक नाही, वेदना नाही, देह नाही.

सासऱ्यांना पेसमेकर बसवलाय. घरात इंडक्शनची शेगडी, मोबाइल सगळ्यांच्या हातात. काय सांभाळायचं?

मोबाइल पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर तरी लांब ठेवायचा. शर्टाच्या वरच्या खिशात नाही, आणि बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला. मागे चुंबक असलेले फोन आणि इअरफोनच्या डब्या यांच्याबाबत जास्त जपा. पेसमेकरमध्ये मुद्दामच अशी सोय असते की चुंबक जवळ आलं की तो स्वतःची हुशारी बाजूला ठेवून एका ठराविक गतीने ठोके देतो. दवाखान्यात तपासणीला हे उपयोगी, खिशातल्या चुंबकाने झालेलं उपयोगी नाही. चुंबक लांब गेलं की तो पूर्ववत होतो.

इंडक्शनच्या शेगडीपासून ६० सेंटिमीटर अंतर सांगतात. म्हणजे सासऱ्यांनी ओट्याला टेकून फोडणी घालायची नाही, पण डायनिंग टेबलावर बसून चहा प्यायला हरकत नाही. मिक्सर, फ्रीज, टीव्ही बिनधास्त. मॉलच्या, स्टेशनच्या धातुशोधक चौकटीतून सरळ चालत जायचं, तिथे गप्पा मारत उभं राहायचं नाही. एमआरआय सांगितला तर आधी पेसमेकरचं कार्ड दाखवा. काही मॉडेल अटींसह चालतात, काही नाही. कार्ड पाकिटात कायम असू द्या, देवघराच्या कपाटात नको.

आता सासऱ्यांना सांगायला एक गोष्ट. पहिला पेसमेकर शरीरात बसवला गेला ८ ऑक्टोबर १९५८ ला, स्वीडनमध्ये, आर्ने लार्सन यांच्या अंगात. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन यांनी पुढे आयुष्यात एकूण २६ पेसमेकर वापरले आणि २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी वारले, म्हणजे ज्यांनी तो बनवला आणि ज्यांनी बसवला त्या दोघांच्याही नंतर. आज बॅटरी वर्षानुवर्षं चालते, आणि तारेच्या टोकाशी सूज दाबणारं स्टेरॉइड थोडं थोडं पाझरत असतं. पहिल्या उत्तरातल्या फटीची काळजी अशी घेतली जाते.

भाचीला जन्मतः ऐकू येत नाही. कानातलं इम्प्लांट पूर्ण ऐकवतं का?

आपल्यासारखं नाही. कानाच्या शंखात आवाज टिपणाऱ्या सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी असतात. इम्प्लांटमध्ये कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड. इलेक्ट्रोड आणि चेतातंतूंमध्ये द्रव असतो, त्यात प्रवाह पसरतो, म्हणून नुसते इलेक्ट्रोड वाढवून सूर जास्त स्पष्ट होत नाहीत. तरीही बोलणं समजायला एवढे पुरतात, हा मेंदूचा मोठेपणा. संगीत कठीण जातं. पण हे सगळं वयावर अवलंबून आहे. मेंदूचा ऐकण्याचा भाग पहिल्या काही वर्षांत घडतो, म्हणून 'मोठी झाली की बघू' असं अजिबात करू नका, आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. लहान मुलांसाठी केंद्राच्या एडिप योजनेत मदत मिळते. ऑपरेशननंतरचं बोलण्याचं प्रशिक्षण टाळलं तर यंत्र वाया जातं.

भिया, मेंदूत चिप टाकून विचार वाचणार म्हणे?

हलवायचा इरादा वाचतात, विचार नाही. मेंदूच्या ज्या भागातून हाताला हुकूम जातो तिथल्या पेशींचे ठोके मोजायचे आणि त्यावरून पडद्यावरचा बाण हलवायचा. ४ मिलिमीटर चौकोनात १०० सुया असलेला युटा इलेक्ट्रोड वापरून हे २००४ पासून लकवा झालेल्या माणसांसोबत चाललंय. न्यूरालिंकने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसात बसवलेल्या यंत्रात ६४ बारीक धाग्यांवर १,०२४ इलेक्ट्रोड होते. काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले, हे कंपनीनेच मे महिन्यात जाहीर केलं. उरलेल्या संकेतांवर गणित सुधारून त्या तरुणाचं काम चालू ठेवलं. पुन्हा तेच: इलेक्ट्रॉनिक्स ठणठणीत, दगा दिला तो मऊ मेंदू आणि धागा यांच्या जोडणीने. मानेखाली काहीच हलवता न येणाऱ्या माणसाला स्वतः संदेश टाइप करता येणं ही लहान गोष्ट नाही. निरोगी माणसाने हौसेने बसवून घ्यावं असं मात्र काही नाही.

२०२३ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंग आणि लुंडच्या गटांनी उलटा रस्ता दाखवला. तयार इलेक्ट्रोड टोचण्याऐवजी त्यांनी झेब्रा माशात जेल टोचलं. माशाच्या शरीरातल्याच साखरेमुळे आणि जेलमधल्या विकरांमुळे (एन्झाइम) आत मऊ वाहक प्लास्टिक तयार झालं. माणसापर्यंत यायला खूप अवकाश आहे, पण कल्पना मला सुयांपेक्षा जास्त पटते.

घरचा ग्लुकोमीटर याच विषयातला का?

चुलत भाऊ म्हणा. पट्टीवर पेशी नसते, विकर असतं. ते साखरेतून इलेक्ट्रॉन काढतं, पट्टी ते मोजते. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये ही कल्पना मांडली. दंडावर चिकटवायचा सेन्सर १०-१४ दिवसांनी बदलावा लागतो, त्यामागे विकराचं झिजणं आणि बाहेरच्या वस्तूला शरीराने वेढा घालणं, दोन्ही आहेत. आणि पोहे-जलेबीनंतर लगेच मोजून घाबरू नका. जेवणानंतरचं मोजमाप दोन तासांनी घ्यायचं.

चिखलातून वीज निघते, असं मुलाच्या प्रकल्पात आहे. खरं?

खरं. गाळात ऑक्सिजन नसतो, तिथले काही जिवाणू अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या लोखंडी खनिजाला देऊन श्वास चालवतात. खनिजाऐवजी कार्बनचा तुकडा ठेवला तर त्याला देतात. जिओबॅक्टर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला, शेवानेला ओनायडेन्सिस १९८८ मध्ये ओनायडा तळ्यात. जिओबॅक्टरच्या अंगातून निघणाऱ्या बारीक तारा एका जातीच्या प्रथिनाच्या आहेत असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०१९ मध्ये नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेल्या चित्रांत त्यातल्या काही तारा भलत्याच निघाल्या: रक्तात असतो तसल्या हीमच्या चकत्या एकामागे एक रचलेलं प्रथिन. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

प्रकल्पासाठी डबक्यातला काळा गाळ, ग्रॅफाइटचे दोन तुकडे, एक गाळात पुरलेला, एक वरच्या पाण्यात. जिवाणू जमायला आठवडाभर द्या, मग मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब मिळाला तरी प्रवाह इतका थोडा की बल्ब पेटणार नाही. पेटला असं मुलाने वहीत लिहिलं असेल तर ते खोडायला लावा. गाळ सिरपूर तलावातून आणू नका, ती संरक्षित पाणथळ आहे. हातमोजे घाला.

झाडांमध्येही असं काही करता येतं?

जगदीशचंद्र बोस यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लाजाळूतले विजेचे संकेत मोजले होते. २०१५ मध्ये लिंकोपिंगच्याच गटाने गुलाबाची कापलेली फांदी पेडॉटच्या पाण्यात विरघळणाऱ्या भावंडाच्या द्रावणात उभी केली. देठाने ते पाण्यासारखं वर ओढलं, आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांत काही सेंटिमीटर लांबीच्या वाहक तारा तयार झाल्या. त्यापासून ट्रान्झिस्टरही बनवला. शेतीला याचा उपयोग कधी होईल ते बघू.

चुंबकाचं ब्रेसलेट, विषारी द्रव्यं ओढून घेतात म्हणून तळपायाला लावायच्या पट्ट्या?

पैसे वाचवा. ब्रेसलेटातल्या चुंबकाने पेशीपटलाचा दाब बदलत नाही. पट्टी काळी पडते ती तिच्यातली भुकटी घामाने भिजते म्हणून. पाण्याची वाफ दाखवा, तेव्हाही काळी पडेल.

मुलीला यात जायचंय. बारावीला गणित घ्यायचं की जीवशास्त्र?

दोन्ही जमत असतील तर दोन्ही. एकच घ्यायचं तर गणित. जीवशास्त्र पुढे वाचून भरून काढता येतं, गणित सुटलं की सुटतंच. इंदूर सोडायची गरजही लगेच नाही. आयआयटी इंदूरला जीवविज्ञान आणि बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा विभाग आहे, एसजीएसआयटीएसमध्ये बायोमेडिकल शाखा आहे, देवी अहिल्या विश्वविद्यालयात जैवतंत्रज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही एकाच खंडवा रोडच्या परिसरात. राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन वर्तुळात पळवणाऱ्या यंत्राच्या क्ष-किरणांनी देशभरातले संशोधक पदार्थांची रचना बघायला येतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे शाळांना प्रवेश मिळतो, मुलीच्या बाईंना आत्ताच विचारायला सांगा. आणि सोल्डरिंग येऊ द्या. पेशी वाढवणारे पुष्कळ भेटतात, पण बशीच्या कडेची तुटलेली तार नीट जोडणारा सापडत नाही म्हणून महिनाभर काम अडतं.